थांबविणारी छत्री

पावसाळ्यात सोसाट्याच्या वाऱ्यात छत्री धरून चालण्याचा प्रसंग तुमच्यावर कधी ना कधी आलाच असेल. वारा छत्रीत शिरला, की एरवी हलकी वाटणारी ती वस्तू दोन्ही हातांना आवरत नाही. हवा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिच्या बळाची आपल्याला कल्पना नसते. ते बळ केवढे आहे, हे अशा वेळी कळते. या बळाचा उपयोग करून माणसाने अत्यंत वेगाने धावणाऱ्या मोटारी थांबविण्याची युक्ती शोधून काढली आहे.

अमेरिकेत सरळ रस्त्यावरील मोटारींच्या शर्यती फार लोकप्रिय आहेत. त्यांना ‘ड्रॅग रेस’ असे म्हणतात. या शर्यतीत वळणे नसतात, फेऱ्याही नसतात. दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिव्याचा इशारा होतो आणि त्या बाणाप्रमाणे सुटतात. सर्वांत वेगवान वर्गातील मोटारी 1,000 फुटांचे, म्हणजे सुमारे 305 मीटरांचे अंतर चार सेकंदांच्या आत तोडतात. शेवटच्या रेषेजवळ त्यांचा वेग ताशी 530 किलोमीटरांच्या आसपास असतो. शर्यत तेथे संपते. पण चालकाची खरी कसोटी तेथूनच सुरू होते. आता त्याला थांबावयाचे असते.

थांबणे इतके कठीण का असावे? गाडीचा वेग दुप्पट झाला, की तिच्या अंगची गतिज ऊर्जा चौपट होते. वेग दसपट झाला, की ऊर्जा शंभरपट होते. ताशी 53 किलोमीटर वेगाने जाणारी मोटार ब्रेक दाबताच सहज थांबते. तीच मोटार ताशी 530 किलोमीटर वेगाने जात असेल, तर शंभरपट ऊर्जा नाहीशी करावी लागते. ब्रेक घर्षणाने या ऊर्जेची उष्णता करतात. एवढी उष्णता त्यांना सोसत नाही. शिवाय, ब्रेक फार जोराने दाबले, तर चाकांची जमिनीवरील पकड सुटते आणि गाडी घसरू लागते.

अशा वेळी हवाई छत्री मदतीस येते. ती जमिनीवर अवलंबून नसते. ती हवेला धरून गाडीला मागे ओढते. हवेचा विरोधही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून वेग जेव्हा सर्वांत अधिक, तेव्हाच छत्रीची ओढ सर्वांत मोठी असते. वेग निम्मा झाला, की ओढ एक चतुर्थांशावर येते. तोवर ब्रेकना पेलेल एवढाच वेग उरलेला असतो. आरंभी छत्री आणि अखेरीस ब्रेक, अशी ही कामाची वाटणी आहे.

ही कल्पना तशी जुनी आहे. रशियातील संशोधक ग्लेब कोतेलनिकोव यांनी 1912 साली एक मोटार भरवेगात नेऊन तिच्या मागील आसनाला बांधलेली हवाई छत्री उघडली आणि छत्रीने गाडीला आवर घालता येतो, हे दाखवून दिले. पुढे विमानांनी ही युक्ती उचलली आणि मग शर्यतीच्या मोटारींनी. अमेरिकेतील नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था 1951 साली स्थापन झाली. तिच्या नियमानुसार ताशी 150 मैल, म्हणजे सुमारे 241 किलोमीटर वेग गाठणाऱ्या मोटारीला एक छत्री आवश्यक असते. वेग ताशी 200 मैलांच्या वर गेला, तर दोन छत्र्या लागतात. एक उघडली नाही, तर दुसरी हाताशी असावी, हा त्यातील हेतू.

मोटारीच्या मागे एका पिशवीत ही छत्री घडी करून ठेवलेली असते. चालकाने दांडा ओढला, की पिशवीचे तोंड उघडते. प्रथम स्प्रिंगच्या जोरावर एक छोटी छत्री बाहेर उडी घेते. वाऱ्यात सापडताच ती आपल्यामागे मोठी छत्री ओढून काढते. मोठ्या छत्रीच्या दोऱ्या एका भक्कम पट्ट्याने गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. हा पट्टा पुरेसा लांब असावा लागतो. कारण धावत्या गाडीच्या लगेच मागे हवेत भोवरे उठतात आणि त्यांत छत्री नीट फुगत नाही.

छत्रीची निवड गाडीचे वजन आणि तिचा वेग पाहून करतात. छत्री लहान पडली, तर गाडी आवरत नाही; अवास्तव मोठी असली, तर उघडताक्षणी जबर हिसका बसतो. ती कोठे जोडावी, यालाही महत्त्व आहे. छत्रीची ओढ गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीवरून जावी. जोड फार उंच असला, तर पुढची चाके हलकी होतात. फार खाली असला, तर मागची. दोन्ही प्रकारांत गाडीचा तोल बिघडण्याचा धोका असतो.

उत्तम छत्रीसुद्धा निष्काळजी माणसाच्या उपयोगी पडत नाही. प्रत्येक धावेनंतर तिचे कापड व दोऱ्या तपासाव्या लागतात. कडक ऊन, तेल आणि ओल यांनी नायलॉन कमकुवत होते, म्हणून छत्री स्वच्छ व कोरडी ठेवून नव्याने घडी घालावी लागते. गाडी सुटण्यापूर्वी छत्रीची सुरक्षा-खीळ काढली आहे की नाही, हे पाहावे लागते. ती तशीच राहिली, तर दांडा कितीही ओढला तरी छत्री उघडत नाही. चालकालाही वेळेचे भान हवे. ताशी 530 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 147 मीटर. दांडा ओढण्यास एक सेकंद उशीर झाला, की तेवढा रस्ता हातचा गेला!

आणि रस्ता अपुरा पडला, तर काय होते? 21 जून 2008 रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात इंग्लिशटाउन येथे स्कॉट कॅलिटा या नामांकित चालकाच्या मोटारीच्या इंजिनाचा स्फोट झाला. छत्र्यांनी काम दिले नाही. गाडी रस्त्याच्या टोकापलीकडे गेली आणि कॅलिटा प्राणास मुकला. त्यापूर्वी ही शर्यत 1,320 फुटांची असे. त्या दुर्घटनेनंतर सर्वांत वेगवान वर्गांसाठी ती 1,000 फुटांवर आणण्यात आली, म्हणजे थांबण्यासाठी 320 फूट अधिक मिळाले. इतक्या मोठ्या किमतीला विकत घेतलेले ते 320 फूट आहेत.

अशा छत्र्या आपल्या देशातही आहेत. नाशिकजवळ ओझर येथील कारखान्यात तयार झालेल्या सुखोई-30 या लढाऊ विमानांच्या शेपटीकडे ती असते; तेथेच तयार झालेल्या आणि 2025 साली सेवेतून निवृत्त झालेल्या मिग-21 विमानांनाही ती असे. विमान धावपट्टीवर उतरले, की ती मागे फुलते आणि विमानाचा वेग ओसरू लागतो.

वेगाचे कौतुक सर्वांनाच असते. शर्यत जिंकणाऱ्याला टाळ्या मिळतात. छत्रीची घडी घालणाऱ्याकडे कोणी पाहतही नाही. परंतु चालक निर्धास्तपणे गाडी सोडतो, तो त्या घडी घालणाऱ्या हातांच्या भरवशावर. धावण्यापूर्वी ज्याने थांबण्याची तयारी केली आहे, त्यालाच वेगाने धावण्याचा अधिकार पोहोचतो.