मोबाइल हिसकावण्याआधी मुलांचा विश्वास कमवा

पालकसभेत हल्ली एक तक्रार ठरलेली असते. "सर, पोरगं मोबाइल सोडतच नाही. तुम्हीच जरा समजवा." आम्ही विचारतो, "रात्री दस्तरखानावर बसता तेव्हा तुमचा मोबाइल कुठे असतो?" अम्मी हसतात, अब्बू खाली बघतात. कारण मोबाइल ताटाशेजारीच असतो.

दोष फक्त पालकांना देऊन चालणार नाही. 2020 मध्ये लॉकडाऊन लागला आणि शाळाच मोबाइलवर आली. ज्या घरात एकच साधा फोन होता, तिथेही उसनवारी करून स्मार्टफोन घेतला गेला. शाळा पुन्हा भरली, पण फोन मुलांच्या हातातच राहिला. आणि आम्ही शिक्षकही गृहपाठ अजून व्हॉट्सॲपवर पाठवतो. म्हणजे ही जबाबदारी दोघांची आहे.

मुलं मोबाइल का सोडत नाहीत?

मूल हट्टी आहे म्हणून नाही. पूर्वी टीव्हीवरची मालिका संपायची, वर्तमानपत्राचं शेवटचं पान यायचं. रील्सना शेवटच नाही. एक संपली की बोट सरकवताच दुसरी सुरू होते. मूल कुठे थांबलं, काय पुन्हा पाहिलं याची नोंद ॲप ठेवतं आणि तसंच आणखी पुढे सरकवतं. मूल जितका वेळ पाहील तितक्या जाहिराती दिसतात, कंपनीची कमाई तितकी वाढते. स्वतःला आवरण्याची ताकद बारा-तेरा वर्षांच्या मुलात पूर्ण तयार झालेली नसते. मोठी माणसंही "पाच मिनिटं" म्हणत तासभर बसतात, मग मुलांकडून काय अपेक्षा करायची?

वर्गात त्याचा परिणाम रोज दिसतो. पहिल्या तासाला डोळे मिटणारी मुलं आम्ही ओळखतो. अंथरुणात मोबाइल गेला की आधी झोप जाते, मग लक्ष, मग चिडचिड सुरू होते. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट दिसते. फिल्टर लावलेले चेहरे पाहून त्या स्वतःच्या रंगावर, नाकावर नाराज राहू लागतात.

किती वेळ योग्य?

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला सोपा आहे. दोन वर्षांखालील बाळाला स्क्रीन नको. दूरच्या नानी-दादीशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालेल. दोन ते पाच वर्षं, जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांसोबत. पाच ते दहा वर्षं, दोन तासांपेक्षा कमी. घास भरवायला मोबाइल दाखवण्याची सवय इथेच मोडायला हवी. इन्स्टाग्राम आणि फेसबुक यांच्या स्वतःच्या नियमानुसारही 13 वर्षांखालील मुलाचं खातं नसावं. तरी पाचवीतली मुलं खोटी जन्मतारीख टाकून तिथे असतात. कधीकधी तर खातं घरातलाच मोठा भाऊ उघडून देतो.

खरा धोका गप्प राहण्यात आहे

काही वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलीच्या साध्या फोटोत कुणीतरी छेडछाड केली आणि तिला धमकावलं. ती महिनोन्‌महिने कुणाला बोलली नाही. शेवटी वर्गशिक्षिकेजवळ रडली. आधी का सांगितलं नाही, असं विचारल्यावर म्हणाली, "घरी कळलं असतं तर शाळाच बंद झाली असती."

हे वाक्य आम्ही विसरू शकत नाही. धमकावणाऱ्याची ताकद त्या फोटोत नव्हती, घरच्यांच्या भीतीत होती. आपण रागाच्या भरात मुलीची शाळा सोडवतो, तेव्हा गुन्हेगार मोकळा राहतो आणि शिक्षा आपल्या लेकीला होते. मुलगेही यातून सुटलेले नाहीत. ते तर शरमेने आणखीच गप्प राहतात.

म्हणून आजच मुलांना सांगा, "काहीही झालं तरी आधी आम्हाला सांग, आम्ही तुझ्या बाजूने आहोत." असं काही घडलंच तर पैसे देऊ नका, मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा. 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, सायबर गुन्ह्यांत पैशांची फसवणूक झाल्यास 1930 वर फोन करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांविषयीच्या अशा गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते. पॉक्सो कायद्यानुसार पीडित मुलाची ओळख माध्यमांना उघड करता येत नाही. बदनामीच्या भीतीने गप्प बसू नका.

घरात काय करता येईल?

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये एक वाट दाखवली. संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजू लागला, घरोघरचे टीव्ही-मोबाइल बंद होऊ लागले आणि साडेआठपर्यंत मुलं अभ्यास करू लागली. बंदी फक्त मुलांवर नव्हती, मोठ्यांसाठीही होती. 

आपल्याकडे तर वेळ आधीच ठरलेली आहे. मगरिबची अजान झाली की घरातले सगळे फोन एका टोपलीत टाकायचे, इशापर्यंत हात लावायचा नाही. अब्बूंचा फोन सर्वात आधी. या वेळेत अभ्यास, जेवण, दादीच्या गोष्टी. मोहल्ल्यातल्या दहा घरांनी मिळून ठरवलं तर "सगळ्यांकडे आहे, मलाच का नाही" ही कुरकुरही राहणार नाही.

रात्री चार्जर मुलांच्या खोलीत नको, बैठकीत ठेवा. अँड्रॉइड फोनवर गुगलचं फॅमिली लिंक लावून वेळेची मर्यादा घालता येते. जमत नसेल तर शाळेत या, आम्ही लावून देऊ. आणि काढून घेतलेल्या मोबाइलच्या जागी काहीतरी द्या. मैदान, वाचनालय, स्वयंपाकघरात हाताखाली काम. रिकामं मूल पुन्हा स्क्रीनकडेच जातं.

तरबियत ॲपवर सोपवता येत नाही. आज मगरिबला एक टोपली दाराजवळ ठेवून बघा. पहिले चार दिवस घरात आरडाओरडा होईल. पाचव्या दिवशी कदाचित मूल स्वतःहून शाळेतलं काहीतरी सांगायला बसेल. तेव्हा ऐकायला आपण तिथे असलो पाहिजे.