हिमातले संत्रे आणि स्विंगलचा खुंट

थंड मुलखात स्थायिक झालेल्या एका वाचकांनी, हिमवर्षाव सोसणाऱ्या संत्र्याची जाहिरात पाहून, असे झाड परसात लावल्यास जगेल काय, अशी पृच्छा केली आहे. झाड जगेल, फळ मात्र खाववणार नाही, हे रोखठोक उत्तर देऊन विषय संपवता आला असता. परंतु त्यामागे ज्या संशोधकाचे परिश्रम आहेत, त्याची हकिकत सांगितल्यावाचून राहवत नाही.

१८९४ च्या डिसेंबरात फ्लोरिडावर हिमलाट आली. त्या आघातातून सावरलेल्या झाडांना पुढल्या उबदार दिवसांनी फसवले, सालीखाली रस खेळू लागला, कोवळी पालवी फुटली, आणि नेमक्या त्या अवस्थेत १८९५ च्या फेब्रुवारीत दुसऱ्या लाटेने गाठल्यामुळे बागाच्या बागा मेल्या. तेव्हा अमेरिकी शेतकी खात्यातील वॉल्टर स्विंगल व हर्बर्ट वेबर यांनी १८९७ पासून, आपल्या मोसंबीच्या जातकुळीतल्या गोड संत्र्याचा संकर चीनमधील काटेरी त्रिपर्णी संत्र्याशी करण्याची तजवीज केली. कारण हिवाळ्यात पाने ढाळून सुप्त होणारे हे झुडूप उणे २० अंशांची थंडीही निभावते. संततीत काटकपणा उतरला खरा, पण त्याच्याबरोबर असह्य कडवटपणाही उतरला!

प्रयोग फसला म्हणावा, तर पुढे ट्रिस्टेझा या विषाणुरोगाने कडू संत्र्याच्या खुंटावरील, म्हणजे कलमाखालच्या मुळांच्या रोपावरील, बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हा स्विंगलच्या ट्रॉयर व कॅरिझो या संकरांनीच खुंट म्हणून असंख्य बागा तारल्या. नागपूरकडे जंबेरीवर संत्र्याचा डोळा बांधतात, तसाच हा मातीखालचा कारभार असल्याने फळ खाणाऱ्याला त्याची वार्ताही नसते.

परसबागेतही खरा प्रश्न मातीखालचाच आहे. हिवाळ्यात खिडकीशी ठेवलेल्या कुंडीतील माती सुमारे १३ अंशांखाली गेली की मुळांचे पाणी शोषण्याचे काम मंदावते. खिडकीतले ऊन मात्र पानांना तापवीत राहते, मागणी व पुरवठा यांचा मेळ तुटतो, पाने गळतात, आणि झाड तहानलेले समजून धन्याने ओतलेल्या पाण्याने मुळे कुजतात. म्हणून गोड फळाची इच्छा असणाऱ्यांनी हिमाशी झुंजणारे झाड शोधण्यापेक्षा हिवाळ्यात कुंडी घरात घेऊन तिच्या तळाशी उबेचा बंदोबस्त करावा, आणि रोप विकत घेताना ते कोणत्या खुंटावर बांधले आहे, याची चौकशी आधी करावी.