सौरप्रकल्पाची गुणगुण
जयपूरजवळच्या सांभर येथे २०१३ साली ४,००० मेगावॅटच्या सौरप्रकल्पाची योजना पुढे आली होती. असे प्रकल्प वस्तीजवळ येतात, तेव्हा आवाजाची शंका स्वाभाविकपणे उठते. सौरपट्ट्या स्वतः निःशब्द असतात. आवाज येतो तो एकदिश प्रवाहाचे प्रत्यावर्ती, म्हणजे घरात वापरल्या जाणाऱ्या, प्रवाहात रूपांतर करणाऱ्या इन्व्हर्टरच्या पंख्यांतून आणि विजेचा दाब वाढवणाऱ्या रोहित्रातून, ज्याचा पोलादी गाभा ५० हर्ट्झच्या प्रवाहामुळे सेकंदाला १०० वेळा सूक्ष्म कंप पावतो. सूर्यास्तानंतर पंखे थांबतात, रोहित्र मात्र वीजजाळ्याला जोडलेले राहिल्यास गुणगुणतच राहते आणि निजानीज झाल्यावर तीच गुणगुण अधिक जाणवते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा असल्याने, रोहित्र घरांपासून दूर बसवण्याचा आग्रह आराखड्याच्या वेळीच धरणे रास्त ठरते.