भाजलेल्या तिळाचे तेल

मुलांनो, संक्रांतीला आई तीळ भाजते, तेव्हा घरभर खमंग वास सुटतो ना? पोर्ट लुईच्या चायनाटाउनमध्ये नूडल्सच्या दुकानाजवळही कधी कधी तसाच वास येतो. तो भाजलेल्या तिळाच्या तेलाचा!

कच्च्या तिळाचे तेल फिकट पिवळे असते. तीळ आधी भाजून काढलेले तेल तपकिरी दिसते. विकत घेताना रंग पाहा आणि लेबलही वाचा. काही बाटल्यांत दुसरे तेल मिसळलेले असते.

हे तेल तळायला वापरू नका. फार तापले, की त्याचा वास उडतो आणि ते कडवट लागते. नूडल्स शिजल्या, गॅस बंद केला, की मगच आईला घालायला सांगा. चौघांना एक लहान चमचा पुरे. बाटली घट्ट बंद करून थंड, अंधाऱ्या जागी ठेवा.

एक मात्र विसरू नका. काहींना तीळ अजिबात सोसत नाहीत. अंगावर पुरळ उठते, श्वासही अडतो. पाहुण्यांना वाढण्याआधी विचारा.