टोमॅटोच्या बादलीचा हिशेब

आजचा विषय टोमॅटो. भाव नाही आणि कोशिंबिरीची कृतीही नाही, तो टोमॅटो तोडतो कोण आणि त्याला किती मिळतं, हा.

हिवाळ्यात या देशात पिकणाऱ्या ताज्या टोमॅटोंपैकी बहुतांश फ्लोरिडातून येतात आणि त्या धंद्याचं मुख्य ठिकाण म्हणजे इमोकली. नेपल्सच्या समुद्रकिनाऱ्यावर आपल्यातले पुष्कळ जण जाऊन आले असतील. तिथून गाडीने पाऊण-एक तास आत गेलं की हे गाव लागतं. मेक्सिको, ग्वाटेमाला, हैती इथून आलेले मजूर तिथे दाटीवाटीने राहतात. पहाटे चार-पाचला एका मोठ्या पार्किंगमध्ये माणसं जमायची, जुन्या स्कूल बस उभ्या असायच्या आणि मुकादम बोट दाखवेल तो बसमध्ये चढायचा. बीड-धाराशिवकडच्या श्रोत्यांना मुकादम म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. इथे त्याला क्रू लीडर म्हणतात, काम तेच.

आता हिशेब. मजुरी बादलीवर. एका बादलीत ३२ पौंड टोमॅटो, म्हणजे साडेचौदा किलो. दर पन्नास सेंटच्या आसपास आणि तो १९८० पासून जवळजवळ हललाच नव्हता. तासाला सव्वासात डॉलर या आजच्या केंद्रीय किमान वेतनाइतके पैसे दहा तासांत मिळवायचे तर १४५ बादल्या भराव्या लागतात. दोन टनांहून जास्त टोमॅटो, चार मिनिटांत एक बादली, वाकून तोडायची, खांद्यावर घेऊन ट्रकपर्यंत पळायचं, वर फेकायची, परत यायचं. कागदोपत्री किमान वेतन लागू होतंच, पण तास लिहिणारा मुकादम. शिवाय बादली काठापर्यंत भरून चालायचं नाही, वर शीग लावावी लागायची. त्या शिगेचे पैसे नाहीत. दहा बादल्यांमागे जवळपास एक बादली फुकट गेली असं धरा.

मग युनियन का नाही केली? १९३५ साली अमेरिकेत युनियनचा हक्क देणारा राष्ट्रीय कायदा झाला, त्यातून शेतमजुरांना आणि घरकामगारांना वगळलं गेलं. तेव्हा दक्षिणेत ही दोन्ही कामं करणारे प्रामुख्याने कृष्णवर्णीय होते आणि दक्षिणेतल्या खासदारांच्या मतांशिवाय कायदा पुढे सरकत नव्हता. वगळणूक आजही तशीच आहे.

१९९३ मध्ये इमोकलीतल्या काही मजुरांनी चर्चकडून एक खोली मागून घेतली आणि आठवड्यातून एकदा बसायला सुरुवात केली. यातूनच ‘कोअलिशन ऑफ इमोकली वर्कर्स’ ही संघटना उभी राहिली. कुणी स्पॅनिश बोलणारा, कुणी हैतीची क्रेओल, कुणी ग्वाटेमालाच्या डोंगरातली माया भाषा. कित्येकांना वाचता येत नव्हतं, म्हणून चित्रं आणि नाटुकली यांतून चर्चा व्हायची. पुढे २००३ मध्ये त्यांनी स्वतःचं लहानसं एफएम केंद्रही उभारलं. आपण स्टुडिओत बसून जे करतो तेच, फक्त त्यांच्याकडे मजुरीचे दर आणि हक्कांची माहितीही प्रसारित होते.

सुरुवातीची पावलं कुणीही टाकेल तशीच होती. १९९५ मध्ये मजुरी कमी होणार असं कळल्यावर तीन हजारांवर मजुरांनी काम बंद ठेवलं. १९९६ मध्ये शेतात पाणी प्यायला थांबलेल्या एका कोवळ्या मुलाला मुकादमाने मारलं, तेव्हा त्याचा रक्ताने भरलेला शर्ट हातात धरून शेकडो माणसं रात्री मुकादमाच्या दारात गेली. १९९७ च्या डिसेंबरात सहा जण उपोषणाला बसले, ते तीस दिवस चाललं आणि माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी मध्यस्थी केल्यावर सुटलं. शेतमालक मात्र चर्चेला बसेनात. ट्रॅक्टर कधी शेतकऱ्याला शेत कसं चालवायचं हे सांगत नाही, असं एका मालकाचं म्हणणं होतं.

मजुरी थोडी हलली, बाकी काही नाही. आणि इथे या माणसांनी जे केलं ते मला कुठल्याही मॅनेजमेंट वर्गातल्या केस स्टडीपेक्षा सरस वाटतं. पैसा कुठे अडतोय, हे त्यांनी शोधलं. शेतमालकाला डिझेल, खत, औषधं महाग पडत होती आणि दुसऱ्या टोकाला मोठ्या फास्ट फूड साखळ्या आणि सुपरमार्केटं लाखो पौंड एकदम घेऊन भाव पाडून मागत होती. मालक दोन्हीकडून चेपला जात होता आणि ज्याला तो चेपू शकत होता असा एकच घटक उरत होता, बादली उचलणारा. तेव्हा मालकाच्या दारात बसून काय मिळणार? भाव ठरवणारा वरती बसलेला होता आणि त्याला इमोकली नकाशावर दाखवताही आली नसती.

म्हणून २००१ मध्ये त्यांनी टाको बेलवर बहिष्कार पुकारला. मागणी एका वाक्यात मावणारी होती, पौंडामागे एक सेंट जास्त द्या आणि तो थेट मजुराच्या हातात जाऊ द्या. बत्तीस पौंडांच्या बादलीमागे बत्तीस सेंट. पन्नासचे ब्याऐंशी. कंपनीला हा पैसा जाणवणारही नाही, मजुराची मिळकत मात्र दीडपटीच्या वर जाते.

यात एक गंमत आहे. युनियनच्या कायद्यात बसणाऱ्या कामगारांना आपल्या मालकाऐवजी त्याच्या गिऱ्हाइकावर बहिष्कार घालायला १९४७ पासून बंदी आहे. शेतमजुरांना कायद्यातूनच वगळलेलं, म्हणून त्यांना ही बंदीही लागू नाही! ज्या कायद्याने त्यांना दाराबाहेर ठेवलं, त्यानेच ही एक वाट मोकळी सोडली होती.

विद्यार्थ्यांनी बहिष्कार उचलून धरला आणि वीसच्या आसपास शाळा-कॉलेजांतून टाको बेल हटवलं किंवा येऊ दिलं नाही. ८ मार्च २००५ ला टाको बेलची मालक कंपनी यम ब्रँड्सने सही केली. २००७ मध्ये मॅकडोनल्ड्स, २००८ मध्ये बर्गर किंग, होल फूड्स, सबवे. तरीही शेतमालकांची संघटना अडून बसली होती. जो सदस्य हा एक सेंट मजुरांना पोहोचवायला मदत करेल त्याला एक लाख डॉलर दंड, असा तिने दम दिला होता. अखेर नोव्हेंबर २०१० मध्ये तीही करारात आली आणि फ्लोरिडातला नव्वद टक्क्यांहून जास्त टोमॅटो या व्यवस्थेखाली आला. वॉलमार्ट २०१४ मध्ये.

‘फेअर फूड प्रोग्राम’ असं या व्यवस्थेचं नाव. तो चालतो कसा, हे जरा सविस्तर सांगतो. माझं रोजचं काम कंपन्यांच्या सिस्टिम बसवण्याचं. ऑडिट कसं होतं हे मी बघत आलोय. आठवडाभर आधी तारीख कळते, फायली भरल्या जातात, दोन हुशार माणसांना उत्तरं पाठ करून पुढे बसवलं जातं आणि प्रमाणपत्र भिंतीवर लागतं. इथे ऑडिटर शेतात उतरतात आणि निम्म्या तरी मजुरांशी स्वतः बोलतात. चोवीस तास चालणारी तक्रारीची फोनलाइन आहे. तपासणीचं काम पाहणारी स्वतंत्र संस्था न्यूयॉर्कच्या एका निवृत्त न्यायाधीश बाईंच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. हक्क काय आहेत ते मजुरांना मजूरच येऊन सांगतात, तेही कामाच्या वेळेत, त्या वेळेची मजुरी धरून. शेतात सावली हवी. मजूर आला की घड्याळात नोंद, म्हणजे दव वाळेपर्यंत तास-दोन तास फुकट बसवणं बंद. आणि बादली काठापर्यंतच, शीग नाही.

हे नियम पाळले नाहीत तर? कंपनीने सह्या केलेला करार कायद्याने बंधनकारक आहे आणि त्यात लिहिलंय की दोषी ठरलेल्या शेताकडून माल घ्यायचा नाही. म्हणजे वॉलमार्ट, मॅकडोनल्ड्स आणि बाकीची सगळी गिऱ्हाइकं एकदम बंद. वेठबिगारी किंवा लैंगिक अत्याचार यांना तर माफीच नाही. वेठबिगारी हा शब्द मी उगाच वापरत नाही. इमोकलीतच मजुरांना रात्री ट्रकमध्ये कोंडून ठेवल्याच्या खटल्यात २००८ मध्ये दोघा भावांना बारा-बारा वर्षांची शिक्षा झाली. त्याआधी मुकादमाला एखादी शिवी दिल्याबद्दलही कुणी हटकत नव्हतं, कारण तो मालकाचा नव्हे, ‘कंत्राटदाराचा’ माणूस होता. या करारात मजुराला थेट शेतमालकाने कामावर घ्यायचं आहे.

सगळं सोनं झालेलं नाही. तो वाढीव सेंट सहभागी कंपन्यांच्या खरेदीवरच मिळतो, त्यामुळे पगारात पडणारी भर कमीजास्त होते. वेंडीज आणि आपल्या फ्लोरिडाचंच पब्लिक्स यांच्यामागे मजूर वर्षानुवर्षे लागले, त्यांनी दाद दिली नाही. काम आजही पाठ मोडणारंच आहे. पण व्यवस्था पुढच्या राज्यांत आणि स्ट्रॉबेरीसारख्या पिकांत गेली, आणि २०१७ मध्ये व्हरमाँटच्या गोठ्यांतल्या मजुरांनी हाच नमुना घेऊन बेन अँड जेरीज आइस्क्रीम कंपनीकडून करार मिळवला.

मला यात राहून राहून ऊसतोड दिसते. मुकादमाची उचल, टनावर मजुरी, नवरा-बायको मिळून एक कोयता, एक दिवस चुकला तर खाडा आणि त्याचे पैसे उचलीत जमा. मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत, हे कारखान्यांचं उत्तर. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्टने कोयत्यावरच्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया आणि उचलीच्या कर्जाचा फास यांवर मोठा वृत्तांत दिला, त्यात महाराष्ट्रातल्या साखरेचे खरेदीदार म्हणून कोका-कोला आणि पेप्सी यांची नावं होती. दोन्ही कंपन्यांची मुख्य कार्यालयं या देशात आहेत. अटलांटातलं कार्यालय तर तिथल्या आपल्या मंडळींना गाडीतून दिसतं.

दुकानात गेलात तर टोमॅटोच्या खोक्यावर फेअर फूडचं लेबल आहे का ते बघा. नसेल तर मॅनेजरला विचारा, आणि त्याने काय सांगितलं ते आम्हाला जरूर कळवा.