मोडी कागद आणि युनिकोडचे संकेतांक : धार-देवासच्या दफ्तरांच्या निमित्ताने

धार आणि देवास ही माळव्यातील पवार घराण्याची मराठी संस्थाने. देवासच्या थोरली आणि धाकटी अशा दोन पाती होत्या. १९४८ मध्ये ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. मराठी दफ्तरांची लिपी मोडी. परंतु त्यांतील सनद, फर्द, जमीन, जमाबंदी हे शब्द अरबी-फार्सी वळणाचे. म्हणूनच हा वारसा मराठीइतकाच उर्दूच्या अभ्यासकांचाही आहे.

अशा कागदांची छायाचित्रे घेतली म्हणजे काम संपले, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. छायाचित्र हे संगणकाच्या लेखी केवळ चित्र असते. त्यातील मजकूर अक्षरांत उतरविल्याशिवाय ‘सनद’ हा शब्द शोधता येत नाही. म्हणून संगणक अक्षर कसे साठवितो, हे प्रथम पाहू.

संगणक अक्षराचा आकार नव्हे, तर संकेतांक साठवितो. आकार दाखविण्याचे काम फाँट करतो. पूर्वीच्या अनेक मराठी फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या अंकांवर देवनागरी आकार बसविले होते. फाँट बदलताच मजकूर निरर्थक होई. १९९१ पासून आलेल्या युनिकोड प्रमाणाने प्रत्येक अक्षराला स्वतंत्र अंक दिला. देवनागरी ‘क’चा दशमान अंक २३२५, तर उर्दू ‘काफ’चा १७०५.

कोरियन हंगुल लिपीचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. तिच्यात आरंभीची १९ व्यंजने, २१ स्वर आणि शेवटच्या व्यंजनाचे २८ पर्याय (व्यंजन नसणे हाही एक पर्याय) धरले, की १९ × २१ × २८ = ११,१७२ अक्षरगट होतात. प्रत्येकाला स्वतंत्र अंक आहे. पहिला ४४०३२, शेवटचा ५५२०३. मात्र १९९६ पूर्वी हंगुलचे ६,६५६ गट वेगळ्या जागी होते. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत ते हलविले गेले आणि जुन्या अंकांतील मजकूर अडचणीत आला. यापुढे एकदा दिलेला अंक बदलायचा नाही, असा नियम त्यानंतर झाला.

मोडीसाठी डॉ. अंशुमन पांडे यांनी २०११ मध्ये प्रस्ताव मांडला आणि २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत ७९ मोडी चिन्हे आली. मोडी ‘क’चा अंक ७११८२ आहे. हंगुलप्रमाणे मोडीत तयार अक्षरगट नाहीत. देवनागरीप्रमाणेच व्यंजन, स्वरचिन्ह आणि हलन्त यांच्या क्रमाने अक्षर घडते. जोडाक्षराचा आकार फाँट ठरवितो.

येथे एक गंभीर प्रश्न उभा राहतो. मोडी लेखनात इकार-उकाराचा ह्रस्व-दीर्घ भेद सहसा पाळला जात नाही. युनिकोडमध्ये मात्र दोन्हींना वेगळे अंक आहेत. ‘जमीन’ हा शब्द एकाने ह्रस्व इकाराने, दुसऱ्याने दीर्घ इकाराने टंकित केला, तर साध्या शोधात निम्म्या नोंदी निसटतील. उर्दूतही हाच अनुभव येतो. अरबी ‘ये’ (१६१०) आणि उर्दू ‘ये’ (१७४०) हे शब्दाच्या मध्यभागी सारखेच दिसतात. डोळ्यांना भेद जाणवत नाही, संगणकाला जाणवतो. नाव फाइलमध्ये असूनही ‘सापडले नाही’ असे उत्तर मिळते आणि संशोधक नोंदच नाही असा निष्कर्ष काढून मोकळा होतो.

तात्पर्य, दफ्तराच्या लिप्यंतराला हात घालण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी ठरवाव्यात : इकार-उकार कोणता वापरायचा, उर्दू-फार्सी मजकुरात कोणता ‘ये’ व ‘काफ’ घ्यायचा, आणि मूळ कागदाचे छायाचित्र प्रत्येक नोंदीला कसे जोडायचे. लिप्यंतरात चूक झाली, तरी मूळ कागद ताडून ती सुधारता येते. शोधातून निसटलेली नोंद मात्र कोणाच्या ध्यानातच येत नाही. एखाद्या कुटुंबाच्या इनामाचा पुरावा अशाच नोंदीत असू शकतो, हे विसरता कामा नये.