अनोळखी मृताची ओळखनिश्चिती

अनोळखी मृताची ओळखनिश्चिती : नाव-गाव ज्ञात नसलेल्या मृतदेहाचा, सांगाड्याचा वा त्याच्या अंशाचा विशिष्ट व्यक्तीशी असलेला संबंध शास्त्रीय पुराव्याने प्रस्थापित करणे, यास ओळखनिश्चिती म्हणतात. खुनाच्या तपासात तिला विशेष महत्त्व असते. कारण मृत व्यक्ती कोण हे कळल्याखेरीज तिचे लागेबांधे, तिचे अखेरचे दिवस व खुनाचा हेतू यांचा माग लागत नाही. शव जाळणे, त्याचे तुकडे करणे किंवा चेहरा विद्रूप करणे हे प्रकार बहुधा याच कारणाने घडतात. नातेवाइकांचा शोध थांबणे, अंत्यसंस्कार होणे आणि वारसाहक्काचे प्रश्न सुटणे हेही या निर्णयावर अवलंबून असते.

अस्थिपरीक्षा : कटीच्या अस्थींवरून लिंग, मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंची आणि दात व अस्थींच्या टोकांचे सांधणे यांवरून वय यांचा अंदाज करता येतो. त्यामुळे संभाव्य व्यक्तींची संख्या कमी होते; परंतु एवढ्यावरून ओळख सिद्ध होत नाही. कवटीचे व हयातीतील छायाचित्र एकमेकांवर ठेवून तुलना करण्याची अध्यारोपण पद्धती १९३५ मधील एका खून प्रकरणामुळे प्रसिद्धीस आली. मुंबईत जन्मलेले व इंग्लंडमधील लँकास्टर येथे व्यवसाय करणारे डॉक्टर बक रक्स्टन यांनी पत्नी इझाबेला आणि दाई मेरी रॉजरसन यांचा खून करून ओळख पटविणारे अवयव हेतुतः नष्ट केले होते. स्कॉटलंडमध्ये मॉफॅटजवळ सापडलेले अवशेष ग्लॅस्गोचे जॉन ग्लेस्टर व एडिंबरोचे जेम्स ब्रॅश यांनी जुळविले. रक्स्टन यांना १९३६ मध्ये फाशी झाली. ही पद्धती एखादी व्यक्ती निश्चितपणे वगळू शकते. मात्र केवळ तिच्या आधारे ओळख सिद्ध झाली असे म्हणता येत नाही. [⟶ न्यायवैद्यक].

डीएनए परीक्षण : ॲलेक जेफ्रीझ यांनी १९८४ मध्ये लेस्टर येथे डीएनए-मुद्रेचे तंत्र शोधून काढले. १९८९ मध्ये कार्डिफ येथे गालिच्यात गुंडाळून पुरलेला एका मुलीचा सांगाडा सापडला. रिचर्ड नीव्ह यांनी कवटीवर मातीने घडविलेल्या चेहऱ्यावरून ती कॅरेन प्राइस असावी असे कळले व अस्थींतील डीएनए तिच्या आईवडिलांच्या डीएनएशी ताडून ते निश्चित झाले. खून झालेल्या व्यक्तीची ओळख अस्थींतील डीएनएवरून पटविल्याचे हे आरंभीचे उदाहरण होय. पेशीकेंद्रातील डीएनए नष्ट झाला असल्यास मायटोकाँड्रियातील डीएनए उपयोगी पडतो; कारण एका पेशीत त्याच्या शेकडो वा हजारो प्रती असतात. तथापि तो मातेकडूनच येत असल्याने मातृकुलातील सर्वांत सारखाच आढळतो व त्यावरून एकट्या व्यक्तीची निवड करता येत नाही.

वंशावळीचे तंत्र : तुलनेसाठी नातेवाईकच ठाऊक नसल्यास वरील पद्धती थांबतात. अशा वेळी डीएनएमधील लक्षावधी बिंदू तपासून जनुकीय संग्रहांतील दूरचे नातलग शोधतात व वंशवृक्ष मांडून मृतापर्यंत पोहोचतात. १९५७ मध्ये फिलाडेल्फियात खोक्यात सापडलेल्या बालकाचे जोसेफ ऑगस्टस झारेली हे नाव पासष्ट वर्षांनी, २०२२ मध्ये, या मार्गाने कळले. या संग्रहांत मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची माहिती असल्यामुळे भारतात त्यांचा उपयोग मर्यादित आहे.

महाराष्ट्रातील स्थिती : मे २०१२ मध्ये रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील गागोदे परिसरात जळालेले मानवी अवशेष सापडले, त्यांची ओळख तेव्हा पटली नाही. २०१५ मध्ये नव्या माहितीवरून पुन्हा उत्खनन झाले. हे अवशेष शीना बोरा हिचे असल्याचा अभियोग पक्षाचा दावा असून, मुंबईतील कलिना येथील न्यायसाहाय्यक वैज्ञानिक प्रयोगशाळेने त्यांचा डीएनए मातेच्या डीएनएशी जुळत असल्याचा अहवाल दिला. बचाव पक्षाने ही ओळख अमान्य केली. २०२४ मध्ये अवशेष सापडत नसल्याचे व पुढे ते केंद्रीय अन्वेषण विभागाच्या दिल्ली कार्यालयात असल्याचे न्यायालयास सांगण्यात आले. परीक्षणाइतकेच नमुन्याच्या अभिरक्षेच्या अखंड नोंदीलाही महत्त्व असते, हे यावरून दिसते.

वाशीम जिल्ह्यातील जऊळका यांसारख्या गावच्या शिवारात अनोळखी शव आढळल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (२०२३) कलम १९४ नुसार पोलिसांना पंचनामा करावा लागतो. पश्चिम विदर्भासाठी अमरावती येथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहे. अनोळखी मृत व बेपत्ता व्यक्ती यांच्या डीएनए-सूचीची तरतूद असलेले २०१९ चे विधेयक २०२३ मध्ये मागे घेण्यात आले. त्यामुळे एका जिल्ह्यातील शव व दुसऱ्या जिल्ह्यातील बेपत्ता व्यक्तीची तक्रार यांचा मेळ अद्याप बव्हंशी पोलीस ठाण्यांच्या नोंदींवर अवलंबून आहे. शव विल्हेवाटीपूर्वी दात वा अस्थीचा नमुना राखून ठेवला असेल, तर पुढे ओळख पटण्याची शक्यता वाढते.